फुस्स करायला लावलेला व्हॉल्व्ह

साहेब, बॉनेट न उघडताच "गाडी ओके" म्हणालात ते तुम्हीच ना? सर्व्हिस सेंटरच्या काचेच्या केबिनमधले? मग आता माझं ऐका.

मित्रांनो, मी टर्बोच्या एका पेट्रोल गाडीतला जुना ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह आहे. मुठीएवढा. अॅक्सिलरेटर सोडला की टर्बोने, म्हणजे हवा दाबणाऱ्या पंख्याने, इंजिनात भरलेली हवा अडते. ती मी पाइपातून परत इंजिनाच्या तोंडाशी नेऊन सोडायचो. गुपचूप. गाडी कोल्हापुरातल्या कसबा बावड्याच्या अनुजाची. ती गगनबावड्याचा घाट उतरून खालच्या शाळेत शिकवायला जाते. इतके पावसाळे बरोबर काढले, माझं नावही तिला ठाऊक नव्हतं. त्यातच माझं सुख होतं.

तिचा धाकटा भाऊ सम्राट. त्याला आवाजाची भारी हौस. त्याने माझा पाइप काढला, इंजिनाकडच्या भोकाला बूच मारलं आणि मला उघड्यावर सोडलं.

"ऐक की आक्का, कसला फुस्स करतोय! निम्मं बावडं वळून बघतंय."

"गाडी हाय का कुकर रं? शिट्ट्या मोजून भात उतरवू व्हय?"

दोघं हसली. मला मात्र धडकी भरली. ती हवा इंजिनाने आधीच मोजलेली असते. तेवढ्या हवेचं पेट्रोल ते ओतून बसतं, अन् हवा मी रस्त्यावर सांडतो. मग इंजिन गुदमरतं.

गुरुवारी धुक्यात, उतारावरच्या वळणाला अनुजाने अॅक्सिलरेटर सोडून क्लच दाबला. मी फुस्स केलं. इंजिन बंद! स्टिअरिंग जड, ब्रेक लाकडासारखा. "आई अंबाबाई!" ती किंचाळली, दोन्ही पाय ब्रेकवर रोवून उभीच राहिली. गाडी कठड्याला घासत थांबली. कठड्यापलीकडे नुसतं पांढरं होतं.

दुसऱ्या दिवशी दोघं तुमच्याकडे आली. तुम्ही किल्ली फिरवलीत, इंजिन लगेच सुरू झालं.

"साहेब, मी ते व्हॉल्व्हचं जरा..." सम्राट चाचरला.

"हौशी गाड्यांना असतंच की ते, पावणं. बाईंना क्लच जमत नसंल. गाडी ओके!"

सम्राटने मान डोलावून किल्ली घेतली. आणि अनुजा? घरी येऊन ती बंद गाडीत एकटीच क्लच दाबायचा सराव करत राहिली. 

मित्रांनो, यंत्र अडलं तर माणसाला नावं ठेवण्याआधी यंत्राच्या आत बघा. त्याचं काय काढलं, काय जोडलं, ते विचारा.

साहेब, सोमवारी शाळा आहे. वळणावर ती पाय उचलणार आणि मला तोंड उघडावंच लागणार. माझा पाइप कोण जोडणार? की कठड्याखाली उतरून म्हणणार, बाईंना क्लच जमत नव्हता? बोला.