पत्रिकेतल्या अक्षरांचे पाय

अक्षरमास्तरांनी जन्मभर पुस्तकांसाठी सेरिफची अक्षरं घडवली. सेरिफ म्हणजे अक्षराच्या टोकांना असतात ते इवलेसे पाय. पाय असले की अक्षर ओळीत नीट उभं राहतं, असं मास्तर म्हणत, आणि माणसांनाही हेच माप लावत. त्यामुळे लेकीनं पसंत केलेला मुलगा रस्त्यावरच्या पाट्यांसाठी बिनपायाची, म्हणजे सॅन्स सेरिफ अक्षरं काढतो, हे कळताच त्यांनी त्याला 'सपाटराव' करून टाकलं. नोकरी, घराणं, तब्येत, कशातच खोट सापडत नव्हती. अखेर एक सापडली म्हणून बरं वाटलं.

लग्नाला त्यांची हरकत नव्हती. घोडं अडलं होतं पत्रिकेवर. ती कोणाच्या अक्षरात छापायची यावरून दोघांचं इतकं बिनसलं की रविवारपर्यंत ठरलं नाही तर लग्नच पुढे ढकलते, असं मुलीनं दोघांनाही बजावलं. तिची आई त्याहून रोखठोक.

"लग्न लेकीचं आहे की तुमच्या अक्षरांचं?"

मास्तर विरघळले. कोणाला न सांगता त्यांनी अख्खी पत्रिका बिनपायाच्या अक्षरांत काढली. हे बघून जावई गहिवरेल, या कल्पनेनं ते स्वतःच आधी गहिवरून मोकळे झाले.

रविवारी सपाटराव आले. त्यांच्याही हातात पत्रिकेचा नमुना होता, आणि त्यातलं अक्षर न् अक्षर पायवालं.

इथे खरं तर गळाभेट व्हायची. पण दोघंही पडले कारागीर. मास्तरांनी भिंग काढलं. पाय जरा जड झालेत, म्हणाले. धाकट्यानं थोरल्याचे जोडे घालावेत तसे. सपाटरावांनी मास्तरांचा कागद उजेडात धरला.

"तुमच्या अक्षरांना पाय नाहीत, हे खरं. पण ती अजून खाली वाकून ते शोधतायत."

चहा तसाच निवला. मुलीनं दोन्ही नमुने उचलले आणि ती बाहेर पडली.

पुढच्या आठवड्यात पत्रिका छापूनच आल्या. नावं पायवाली, तारीख बिनपायाची, पत्ता वेलबुट्टीच्या तिसऱ्याच अक्षरात, आणि दोन शब्दांत एवढी फट की मधून अख्खं वऱ्हाड जावं. मास्तरांनी भिंगसुद्धा काढलं नाही. हे दुःख ज्याला कळेल असा एकच माणूस त्यांना आठवला. फोन गेला; सपाटराव धावत आले, पत्रिका पाहिली आणि दिवा जवळ ओढला.

मग दोघं दिव्याखाली डोकी जुळवून त्या पत्रिकेचा उद्धार करत बसले. एक वरून उकरत होता, दुसरा खालून. इतकं मन लावून बोलणारा माणूस मास्तरांना कित्येक वर्षांत भेटला नव्हता.

"जरा इकडे सरका, जावईबापू. हा अंक बघा. अंक आहे की वाकलेला खिळा?"

मग मान वर न करताच त्यांनी लेकीला विचारलं, असल्या प्रेसवाल्याला कामं देतं तरी कोण?

"त्याला बोल लावू नका, बाबा," ती ताटं मांडत म्हणाली. "तो बिचारा नको नको म्हणत होता. मीच हट्टानं अशी छापून घेतली."

तिचं उत्तर कोणी ऐकलं नाही. दोघांना पत्त्यात आणखी एक वाकडं अक्षर सापडलं होतं.