काटा स्थिर राहिला तेव्हा

मित्रांनो, माझ्या उडालेल्या रंगाकडे पाहून नाक मुरडू नका. मी तान्ह्या बाळांना तोलणारा एक जुना वजनकाटा आहे. कारखान्यात माझे पारडे ठोकून घडवले, तबकडीवर आकडे छापले आणि एका इस्पितळाच्या बालविभागात दाराजवळच्या टेबलावर मला बसवले. माझ्या पारड्यात कुणी भोकाड पसरले, कुणी मला न्हाऊ घातले. बाळ हातपाय झाडू लागले की माझा काटा नाचत राही आणि सिस्टर वैतागत. तो स्थिर झाला की म्हणत, "शहाणा गं माझा काटा." मी फुशारून जाई. स्थिर हा शब्द मला कौतुकाचाच वाटे.

मग ते बाळ आले. जेमतेम महिन्याचे, रक्तात जंतू शिरलेले, हाताला सलाईनची फळी बांधलेली. त्याचे वडील लिफ्ट दुरुस्त करत. आत एकालाच मुभा होती, म्हणून ते आत आणि आई दाराबाहेरच्या बाकावर.

दोन दिवसांनी सकाळी डॉक्टरांनी बाळाला तपासले, "प्रकृती स्थिर आहे," म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले. वडिलांनी मान डोलावली. बाहेर जाऊन बायकोला तोच शब्द सांगितला. तिला जरा हायसे वाटले.

दुपारी सिस्टरांनी बाळाला माझ्या पारड्यात ठेवले. ते हलले नाही, रडले नाही. माझा काटा लगेच स्थिर झाला. मी शाबासकीची वाट पाहत राहिलो. फळीचे वजन वजा करून सिस्टर पुटपुटल्या, "वजन अजून स्थिरच आहे," आणि त्यांचा चेहरा उतरला. मी बुचकळ्यात पडलो. वडील तर माझ्याहून जास्त.

"सिस्टर, स्थिर चांगलं की वाईट? आमच्या कामात लिफ्ट स्थिर झाली की आत माणसं अडकलेली असतात."

"डॉक्टरांना विचारा," म्हणत त्या दुसऱ्या रडणाऱ्या बाळाकडे धावल्या. वडील जड पावलांनी दाराबाहेर गेले.

"अहो, वजन किती भरलं?" आईने विचारले.

"स्थिर आहे."

"सकाळीही हेच म्हणालात."

"सकाळचं स्थिर वेगळं होतं."

"म्हणजे?"

"तेच मला कळत नाहीये गं."

आई उठली ती तडक आत शिरली. नियमाचे नाव कुणी काढले नाही. "डॉक्टर, माझं बाळ वाचेल का? तेवढंच सांगा."

डॉक्टर स्टूल ओढून बसले. "ताई, आज मला सांगता येत नाही. ताप वाढला नाही, श्वास बिघडला नाही, हे चांगलं. दूध अंगी लागत नाही, वजन वाढत नाही, हे वाईट. दोन्ही खरं आहे."

मला वाटले, आता दोघेही कोसळणार. पण वडिलांनी कपाळ पुसले आणि आई त्यांना म्हणाली, "तुम्ही काहीतरी खाऊन या, मी बसते." अशा उत्तराने धीर कसा येतो, ते मला अजून कळलेले नाही.

पुढे वजन एकदा घसरले, मग सावरले. आणि एका सकाळी काटा किंचित पुढे गेला.

"वाढलंय," सिस्टर म्हणाल्या.

"हे चांगलं ना?" वडिलांनी विचारले. "नुसतं चांगलं? दुसरं काही नाही ना त्यात?"

"नुसतं चांगलं, दादा."

ते धावत बाहेर गेले, पण तोंडून शब्द फुटेना. त्यांचा चेहरा पाहून आई घाबरून बाकावरून उठली. शेवटी सिस्टरांनाच आतून ओरडून सांगावे लागले.

आता माझ्या जागी आकडे चमकवणारे यंत्र आले आहे आणि मी कपाटावर धूळ खात पडलो आहे. कधीतरी माझ्यावर फडके फिरवलेत तर बरे वाटेल. पण त्याहून मोठे मागणे आहे. घाबरलेला माणूस मान डोलावतो, म्हणजे त्याला कळले असे धरून चालू नका. त्याच्याजवळ थोडे बसा आणि त्याला पुढे सांगता येईल अशा शब्दांत सांगा. बाहेरच्या बाकावर कुणीतरी त्याची वाट पाहत असते.