फुगवलेला आकडा

छप्पन सालच्या जानेवारीत गिरगावात घरोघरी रोज सकाळी एकच भांडण व्हायचं, आणि ते आकड्यावरून व्हायचं. मराठी राज्यासाठी निघालेल्या मोर्चांवरच्या गोळीबारात किती मेले? सरकारी पत्रक एक आकडा सांगे, चळवळीची वर्तमानपत्रं दुसरा, आणि नाक्यावरचा पानवाला त्या दोघांच्याही वरचा तिसरा. संचारबंदी जरा सैल झाली की माणसं दूध आणायला म्हणून बाहेर पडत आणि आकडा घेऊन घरी येत.

धैर्यवानांच्या घरात तर हे भांडण मुक्कामालाच आलं होतं, कारण त्यातला एक आकडा त्या घरातच तयार होई. मनमोहन धैर्यवान 'लोकहाक' दैनिकाचा उपसंपादक. त्याचे वडील अप्पा कोर्टातून निवृत्त झालेले शिरस्तेदार. सारा जन्म साक्षीपुरावे ऐकण्यात गेलेला, त्यामुळे मुलाचं वर्तमानपत्र वाचताना त्यांना दर दोन ओळींनी खोकला येई.

"मनमोहन, कालच्यापेक्षा आज तुझा आकडा पाचाने वाढलाय. ही पाच माणसं कोण रे?"

"अप्पा, सरकार मेलेली माणसं लपवतंय, हे तुम्हाला मान्य आहे ना?"

"मान्य आहे."

"मग? ते कमी करतात, आम्ही थोडा वाढवतो. कोळीण जास्त सांगते, गिऱ्हाईक कमी सांगतं, आणि खरा भाव मध्ये कुठेतरी निघतो."

"वरळीची कोळीण आठवडाभर फिरकलेली नाही, तिची आठवण काढू नकोस," अप्पा म्हणाले. "आणि बोंबील वेगळे, माणसं वेगळी."

मनमोहन हसला आणि चपला घालून कचेरीत गेला. तो काही लबाड माणूस नव्हता. लालबागच्या रस्त्यावर त्याने स्वतःच्या डोळ्यांनी रक्त पाहिलं होतं, आणि दुसऱ्या दिवशीच्या पत्रकात त्या रस्त्याचा उल्लेखसुद्धा नव्हता. तो संताप त्याच्या पोटात उतरला होता. संतापलेल्या माणसाला आपलं खोटंही खरंच वाटू लागतं, हीच तर मोठी पंचाईत.

त्याच आठवड्यात परळची दोन पोरं कचेरीत आली. गोळी लागलेल्या एका माणसाला त्यांनी उचलून जवळच्या दवाखान्यात नेलं होतं. त्याने कसंबसं आपलं नाव 'कुशाबा घाडी' असं सांगितलं आणि थोड्या वेळात तो गेला. पोलीस प्रेत घेऊन जातील या भीतीने पोरांनी घाईघाईने अग्नी देऊन टाकला. एवढंच त्यांना ठाऊक होतं.

एवढ्यावर बातमी चार ओळींची झाली असती. मनमोहनने ती अर्ध्या रकान्याची केली. कुशाबाने सदऱ्याची बटणं तोडली, छाती पुढे काढली, "झाडा गोळी!" अशी गर्जना केली आणि तो पोलिसांवर चालून गेला, असं त्याने लिहिलं. दुसऱ्या दिवशी तो मजकूर चाळीचाळींतून मोठ्याने वाचला गेला. दादरला एका गृहस्थाने भर रस्त्यात मनमोहनचा हात हातात घेतला. मनमोहनच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पुढे दहा-बारा दिवसांनी सरकारी पत्रक निघालं. कुशाबा घाडी नावाचा गिरणी कामगार मालवणकडे आपल्या गावी धडधाकट आहे, असं त्यात म्हटलं होतं. यावरून या वर्तमानपत्रांचे मृतांचे आकडे किती बनावट आहेत ते जनतेने ओळखावं! शिवाय जमाव पोलिसांवर चालून जात होता हे 'लोकहाक'नेच कबूल केलं आहे, अशीही पुस्ती होती.

"थापा आहेत सगळ्या!" मनमोहन कचेरीत ओरडला. "मेलेल्या माणसालाही जिवंत करतील हे!"

आणि त्याच दुपारी जिवंत कुशाबा त्याच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला.

बरोबर एक बाई होती. तिशीची असेल. कपाळावर कुंकू होतं, पण ते एका बाजूला ओघळलं होतं.

"ह्यो बगा कुशाबा," ती म्हणाली. "जिवंत हाय. मेला तो माजा नवरा. रघु परब."

मनमोहनला काही उमगेना. मग कुशाबानेच खाली मान घालून सांगितलं. त्याची आई आजारी पडली, म्हणून तो गावी गेला. जागा हातची जाऊ नये म्हणून गाववाल्या रघुला त्याने आपल्या मागांवर आपल्याच नावाने उभं केलं. खात्यावरच्या मुकादमाने, जॉबरने, डोळेझाक केली. गिरणगावात असं चालायचंच. गावी पोलीस त्याची चौकशी करायला आले, तेव्हा आपण मेल्याची बातमी त्याला कळली, आणि तो मुंबईला येऊन थेट रघुच्या बायकोकडे, सुभद्राकडे, गेला.

"गिरनीच्या वाटेवर पाऊल टाकलं की तो कुशाबाच असायचा," सुभद्रा म्हणाली. "मीच बजावलं होतं त्याला. कुनी पन नाव इचारलं तर कुशाबा सांग. जीव जाताना पन त्यानं माजं ऐकलं, सायेब."

मनमोहनने तिला खुर्ची पुढे केली.

"त्या दिवशी गिरनीचं गेट उघडलं की नाय, ते बघायला गेला तो. मोर्चाला नाय गेला. मी सगळी हॉस्पिटलं पालथी घातली. रघु परब नावाचा कोन नाय म्हनाले. मग शेजारच्यांनी तुमचा पेपर वाचून दाखवला. नाव ह्याचं, पन छाती काढून पोलिसांवर जानारा मानूस माजा नव्हं! तो साध्या भांडनात पन मागं सरायचा. म्हटलं, कुशाबा गावावरनं परत आला असेल, तोच मेला असेल. माजा येईल घरी." तिने पदर तोंडाला लावला. "रोज दोन भाकऱ्या जास्तीच्या थापत होते मी. आता चाळीतली मानसं म्हनतात, मेल्याची खबर नाय तर दिवस कसे घालायचे? तो कुठंतरी पळून गेला असेल म्हनतात."

मनमोहन उठला आणि त्या दोघांना घेऊन परळच्या त्या दवाखान्यात गेला.

डॉक्टर वयस्कर होते. डाव्या हाताची करंगळी अर्धी तुटलेली होती का, एवढंच सुभद्राने विचारलं.

"होती," डॉक्टर म्हणाले.

सुभद्रा तिथेच बाकावर बसली. ती रडली नाही.

डॉक्टर मनमोहनकडे वळले. "तुम्ही त्याच पेपरचे ना? तुमचा मजकूर वाचून मला वाटलं, हा कुणी दुसराच कुशाबा असेल. म्हणून मी कुणाकडे काही बोललो नाही. माझ्या टेबलावर जो माणूस मेला, त्याला गोळी पाठीत लागली होती."

पाठीत! गिरणीचं गेट बघायला गेलेल्या एका निरुपद्रवी माणसाला पाठीत गोळी घातली गेली होती. सरकारला तोंड लपवायला जागा उरली नसती अशी ती गोष्ट होती, आणि ती मनमोहनने स्वतःच्या हाताने पुसून टाकली होती. त्या एका छातीपायी पाठीवरची जखम नाहीशी झाली, साक्षीदार गप्प बसला आणि एक बाई मेलेल्या नवऱ्यासाठी भाकऱ्या थापत बसली.

संध्याकाळी त्याने सगळं अप्पांना सांगितलं. संपादक तात्यांशीही बोलणं झालं होतं. "चूक छापलीस तर उद्या सरकारवाले नाचतील, चळवळीच्या पाठीत सुरा खुपसल्यासारखं होईल," असं म्हणून तात्यांनी हात झटकले होते.

अप्पा म्हणाले, "चाळीस वर्षं कोर्टात बसलो, मनमोहन. खटला खोट्या फिर्यादीने जेवढा बुडतो, त्याहून जास्त खऱ्या फिर्यादीतल्या एका खोट्या साक्षीने बुडतो. तुम्ही मेलेल्यांचा लिलाव मांडलात. एकाने बोली खाली आणायची, दुसऱ्याने वर चढवायची. ज्याचं माणूस गेलं, त्याला तुमच्या बोलीशी काय करायचंय? त्याला आपलं माणूस गेलं हे गावाने मान्य करायला हवं असतं. तुझा एक कुशाबा खोटा निघाला, आता तुझ्या बाकीच्या खऱ्या मेलेल्यांवर कोण विश्वास ठेवील?"

"पण चळवळीचं नुकसान होईल, अप्पा."

"चळवळ न्यायाची आहे ना? मग तिला तुझ्या थापेचा टेकू कशाला लागतो?"

मनमोहनने मान खाली घातली. "चुकलो मी," तो म्हणाला. "फार चुकलो!"

दुसऱ्या दिवशी त्याने मजकूर लिहिला आणि तात्यांसमोर ठेवला. हा छापायचा नसेल तर उद्यापासून माझी खुर्ची रिकामी आहे, असं तो शांतपणे म्हणाला. तात्यांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि सही केली.

अडचण एकच उरली होती. खरं छापलं की कुशाबाची नोकरी जाणार. मनमोहन करी रोडला चाळीत जाऊन त्याला भेटला. कुशाबाने हातातली विडी विझवली.

"छापा," तो म्हणाला. "माज्या नावानं तो मेला. आता त्याच्या नावानं मी उपाशी ऱ्हायलो तर काय बिघडलं?"

मजकूर छापून आला. सरकारवाले नाचले, तात्या म्हणाले होते तसेच. चळवळीतल्या काही मित्रांनी मनमोहनशी बोलणं टाकलं. कुशाबाला गिरणीने काढलं आणि तो गावी गेला. डॉक्टरांनी जबानी दिली, पण प्रेत नाही, पंचनामा नाही, म्हणून सरकारने रघु परबला आपल्या आकड्यात घेतलं नाही ते नाहीच. मात्र त्या चाळीत रघुचे दिवस घातले गेले. शेजारपाजारचे सगळे आले.

त्या दिवशी मनमोहन तिथे गेला, तेव्हा सुभद्राने त्याला तो मजकूर वाचून दाखवायला सांगितलं. त्याने वाचला. रघु परब, मूळ गाव मालवणजवळ, मागावर बदली काम करी. गिरणी उघडली आहे का हे पाहायला गेला होता. गोळी पाठीत लागली. छापलेल्या ओळी एवढ्याच होत्या.

"ह्यात तुमच्या पदरचं काय घातलं नाय ना, सायेब?" तिने विचारलं.

"नाही, वहिनी. एक अक्षरसुद्धा नाही."

"मग हा माजाच," ती म्हणाली. आणि इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा मोठ्याने रडली.

नागरिकहो, सत्ता मेलेल्यांना लपवते तेव्हा तिला जाब विचारणं हे आपलं कर्तव्यच आहे. पण तो जाब विचारताना आपल्या हातात निखळ खरं असू द्या. मृतांच्या आकड्यात आपण सोयीसाठी वाढवलेला किंवा रंगवलेला एक माणूस कुणाच्या तरी खऱ्या माणसाची जागा घेतो, आणि त्या खऱ्याची वाट पाहणारं कुणीतरी घरी बसलेलं असतं.