वरून उत्तर आल्याशिवाय

रेकॉर्डिंग अठ्ठेचाळीस मिनिटांचं होतं. ते सुरू करण्याआधी मोठ्या बाईंनी तिच्या हातात पेन्सिल दिली.

"मिस्त्रींच्या तोंडचं पुढचं वाक्य तू बोललीस, की कागदावर एक रेघ ओढायची," त्या म्हणाल्या. "बाकी चकार शब्द काढायचा नाही."

मोठ्या बाई तिच्या वरिष्ठ. नोकरीत अडखळलेल्या माणसांशी बोलून त्यांना आपापला निर्णय घ्यायला मदत करायची, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं होतं. ती याच कामात सहा वर्षं होती. आई जाऊन तिला पाच आठवडे झाले होते.

रेकॉर्डिंगमधला आवाज मिस्त्रींचा होता. अठ्ठावीस वर्षं लिफ्टच्या शाफ्टमध्ये, त्या उभ्या अंधाऱ्या पोकळीत, उतरून दुरुस्ती करणारा माणूस. कंपनीनं त्यांना प्रशिक्षण शाळेत शिकवायला बोलावलं होतं. जायचं की शाफ्टमध्येच राहायचं, ते शुक्रवारी साहेबांना सांगायचं होतं, आणि त्याआधी कोचबरोबर चार बैठका ठरवून दिल्या होत्या. पहिल्या दिवशी मिस्त्री म्हणाले होते, "कोचिंग म्हटल्यावर मला वाटलं, या वयात गणिताची शिकवणी लावतायत." दोघंही खूप हसले होते, आणि आपलं सूत जुळलं असं तिला वाटलं होतं.

"शाफ्टमध्ये आता पूर्वीसारखं राहिलं नाही," रेकॉर्डिंगमधले मिस्त्री म्हणाले आणि थांबले.

"दमायला होतं. विश्रांती हवीशी वाटते," रेकॉर्डिंगमधली ती म्हणाली. किती मायेनं म्हणाली!

"हां. तसंच म्हणा."

रेघ.

"शाळेत जायला माझी ना नाही," मिस्त्री पुन्हा थांबले.

"कारण तिथे तुमच्या अनुभवाचं चीज होईल."

"हां... होईल की."

रेघ.

शेवटी रेघा मोजल्या तर तेवीस भरल्या. त्याच बोलण्यावरून मिस्त्रींनी साहेबांना द्यायचं पत्रही लिहून ठेवलं होतं: मला आता विश्रांतीची गरज वाटते, म्हणून शाळेतली जागा स्वीकारतो.

"यात मिस्त्री कुठे आहेत?" मोठ्या बाईंनी विचारलं. "मला तर तूच दोन आवाजांत ऐकू येतेयस."

"त्यांना शब्द सापडत नाहीत, बाई."

"असं त्यांनी सांगितलं?"

शब्द सापडत नव्हते ते आईला. आजारपणाच्या शेवटच्या पाच महिन्यांत आई "ते... ते आण" म्हणून अडायची आणि ती शोधून द्यायची. चष्मा? पाणी? उशी? पुढे पुढे तर आईनं हात उचलायच्या आत तिच्या तोंडात शब्द तयार असायचा. लेक असावी तर अशी, असं आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. शेवटच्या आठवड्यात आई सगळ्यालाच मान डोलवत होती. पाण्यालाही हो, उशीलाही हो. आपलं सगळं बरोबर येतंय याचं तेव्हा तिला समाधान वाटलं होतं.

तिनं रेघांचा कागद पालथा घातला.

"शेवटची बैठक मी घेते," मोठ्या बाई आवाज उतरवून म्हणाल्या. "तू रजा घे. कुणी नावं ठेवणार नाही."

"नाही. घोळ मी घातलाय, मीच निस्तरणार."

"आणि जीभ वळवळली तर?"

"चावीन."

"चाव. पण रक्त त्यांना दिसू देऊ नकोस."

गुरुवारी मिस्त्री तीन मजले जिन्यानं चढून आले.

"लिफ्ट बंद आहे का?" तिनं विचारलं.

"चालू आहे हो. पण दरवाजा मिटताना थरथरतोय. आत शिरलो तर उघडून बघावंसं वाटणार, आणि तुमचा तास जाणार."

नेहमीसारखी त्यांनी खुर्ची उचलून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला नेली आणि उजवी बाजू तिच्याकडे करून बसले. त्यांना तिथल्या खिडकीशी बसायला आवडतं, असं ती धरून चालली होती.

"आधी माझं सांगते," ती म्हणाली. "गेल्या वेळी तुम्ही थांबलात की पुढचं मीच बोलत गेले. तुमच्या पत्रातला विश्रांती हा शब्द माझा आहे. आज मी तसं करणार नाही."

"राहू दे, मॅडम. शब्द चांगला आहे."

"तुमचा आहे का?"

मिस्त्रींनी टेबलावरच्या पेल्याकडे पाहिलं. "शाळेत जायला माझी ना नाही," ते म्हणाले आणि थांबले.

तिनं खुर्चीची कड घट्ट धरली. जिभेवर चार वाक्यं येऊन बसली होती, एकाहून एक समजूतदार. तिनं चारही गिळली. अर्धं मिनिट गेलं, मग एक. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं. माणसाला अवधी द्या, तो आपणहून बोलतो, असं ती स्वतः नव्या मुलींना शिकवत असे. पण मिस्त्री बोलेनात. मान किंचित वर करून ते तिच्याकडे बघत होते, जणू बोलायची पाळी तिची होती. दोघंही एकमेकांची वाट बघत बसले.

आता हे असंच संपणार, या भीतीनं तिच्या तोंडून फक्त त्यांचंच वाक्य बाहेर आलं. "शाळेत जायला तुमची ना नाही."

"नाही," मिस्त्री लगेच म्हणाले. "पण विश्रांतीसाठी म्हणून नाही जायचं."

"विश्रांतीसाठी म्हणून नाही जायचं."

"खरं कारण सांगून जायचं."

ती चपापली. "मिस्त्री, एक विचारू? मी तुमचंच वाक्य परत म्हटलं की तुम्ही पुढे बोलताय."

"मग? सवय आहे ती." त्या दिवशी ते पहिल्यांदाच मोकळे हसले. "शाफ्टमध्ये मी खाली, जोडीदार वर. अंधारात एकमेकांचं तोंड दिसत नाही. मी म्हणायचं, वर घे. तो म्हणणार, वर घेतो. वरून उत्तर आल्याशिवाय बोटसुद्धा हलवायचं नाही."

"आणि वरच्यानं भलतंच काही म्हटलं तर?"

"तर जागचं हलायचं नाही."

"माझ्याबरोबर तर हललात. तेवीस वेळा."

"तुम्ही काय शाफ्टमधल्या नव्हे, मॅडम. मला वाटलं, तुमच्यात असंच असेल. शिकलेल्या बाईला मध्येच कुठे अडवायचं!"

तिला हसू आलं. तिनं पेल्यातलं पाणी प्यायलं.

"खरं कारण सांगून जायचं," ती पुन्हा म्हणाली.

"डाव्या कानानं ऐकू येत नाही," मिस्त्री म्हणाले. "सात महिने झाले."

"सात महिने."

"जोडीदार दोन-दोनदा ओरडतो. त्याला वाटतं, मोटारीचा आवाज असेल. एकदा त्याचं उत्तर न ऐकताच मी हात घातला. काही झालं नाही. पण झालं असतं." त्यांनी दोन्ही पंजे टेबलावर उताणे ठेवले. "आता शाळेत जाऊन पोरांना सांगू, उत्तराशिवाय हलू नका? कुठल्या तोंडानं सांगू?"

धोका तिला स्वच्छ दिसत होता. कानाचं कळल्यावर साहेब शाफ्टही बंद करतील आणि शाळाही देणार नाहीत. आधी डॉक्टरांचा कागद आणा, मग बोला, असा शहाणपणाचा सल्ला तिच्यापाशी तयार होता. मिस्त्री हे सगळं सात महिने मनात घोळवत होते. तिला कळून दोन मिनिटंही झाली नव्हती.

"यात काय जाऊ शकतं, तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली.

"शाळाही जाईल. माहीत आहे."

"तरीही?"

"तरीही."

"मग पहिल्यांदा कुणाला सांगायचंय?"

यावर मिस्त्री खरंच विचारात पडले. "जोडीदाराला," ते म्हणाले. "आज. साहेबांना उद्या सकाळी." खिशातलं पत्र काढून त्यांनी तिच्यासमोर ठेवलं. "हे तुमचं तुम्ही ठेवा."

"साहेबांपुढे जमेल?"

"घाबरतो मी त्यांना. ते फार भरभर बोलतात."

"मग आत्ता करून बघू. मी साहेब."

"तुम्ही? तुम्हाला रागावता येतं?"

"बघाच."

ती उठून उभी राहिली आणि मनगटावरचं घड्याळ बघत म्हणाली, "हं, मिस्त्री, पटकन बोला, मीटिंग आहे."

पहिल्या खेपेला मिस्त्री ओशाळून हसले आणि कान सोडून हवापाण्याचं बोलले. दुसऱ्या खेपेला "माझा डावा कान" इथवर आले, आणि ती "बरं बरं, सुट्टी हवीय का?" म्हणाली, तसे गप्प झाले.

"पुन्हा," ते स्वतःच म्हणाले.

"दमलात का?"

"पुन्हा म्हटलं ना."

तिसऱ्या खेपेला ते उठून उभे राहिले. "साहेब, शाळेत जायला माझी ना नाही. पण माझा डावा कान सात महिने झाले..."

"अहो मिस्त्री, वय झालं की व्हायचंच! त्यात काय एवढं? सही करा आणि..."

"थांबा, साहेब," मिस्त्री म्हणाले. "माझं अजून संपलेलं नाही."

ती थांबली. घड्याळाचा हात खाली गेला. मिस्त्रींनी श्वास घेतला आणि शाफ्टमधला तो दिवस पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.