कानातली ओळ

मार्चच्या पहिल्या आठवड्यात लव्हेलला फोन आला, तेव्हा तो टायरच्या दुकानात एका ट्रकचं चाक खोलत होता. हात काळे, म्हणून फोन खांद्यानं गालाशी दाबून धरला, दोनदा "येस सर" म्हणाला, आणि चाक तसंच अर्धवट ठेवून चालत चालत माझ्या कारखान्याच्या फाटकाशी आला. मी जेवणाच्या सुट्टीत बाहेर बाकावर बसले होते. दिवसभर बर्फातले कॅटफिश कापून बोटं बधिर होतात, ती उन्हात धरली होती.

"सिस," तो म्हणाला, "वसंत ऋतूतल्या छोट्या फुटबॉल लीगवाल्यांनी बोलावलंय. दोन दिवस बघणार. चौघांतला एक ठेवणार."

"कधी?"

"दहा दिवसांनी." मग जमिनीकडे बघत, "पुस्तक पाठवतायत. चाळीस डाव."

माझा भाऊ अठ्ठावीस वर्षांचा होता, आणि त्याला वाचता येत नव्हतं.

अगदीच येत नव्हतं असं नाही. नाव यायचं. रस्त्यावरच्या पाट्या यायच्या. पण दोन ओळी एकाखाली एक आल्या की अक्षरं पाण्यातल्या माश्यांसारखी निसटायची. हे मला ठाऊक होतं, डॅडींना ठाऊक होतं, शाळेतल्या दोन बाईंना ठाऊक होतं, तिथल्या कोच टिल्मनना ठाऊक होतं. ज्यांना ज्यांना ठाऊक होतं, त्यांनी त्यांनी माया केली. बाईंनी पास केलं. कोचनी विचारलं नाही. कॉलेजात कुणीतरी निबंध लिहून दिले. आणि मी गाणी केली.

लव्हेल क्वार्टरबॅक. आमच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू हातानं फेकतात, आणि फेकणारा तो. लोकांना दिसतं ते त्याचं फेकणं. चाळीस यार्डांवर चेंडू असा जायचा की जणू घार पंख न हलवता उतरतेय. पण फेकणं हे त्या कामाचं शेपूट आहे. डोकं आहे ते सांगण्यात. दहा जण घोळका करून वाकतात, आणि मधला एक डाव सांगतो: कुणी कुठे उभं राहायचं, कुणी कुठे पळायचं, भिंत कशी धरायची, चेंडू कितव्या हाकेला उचलायचा. एका दमात पंधरा-सोळा शब्द. एक शब्द चुकला की अकरा माणसं अकरा गावांना जातात.

आमचे डॅडी, डीकन ओथा ग्रीनली, चर्चमध्ये ओळ टाकायचे. आमच्याकडे जुन्या मंडळींना वाचता येत नसे, म्हणून ही रीत. डीकन एक ओळ बोलतो, सगळी मंडळी ती उचलून लांबवतात, मग तो पुढची टाकतो. पुस्तक कुणाच्या हातात नाही, आणि स्तोत्र शंभर वर्षं चालू. लव्हेल त्या बाकांवर वाढला. पाच वर्षांचा असताना त्याला सतरा स्तोत्रं येत होती, कडव्यांसकट. मग चौदाव्या वर्षी कोचनी डावांचे कागद दिले आणि तो ते घेऊन माझ्याकडे आला, तेव्हा मला दुसरं काय सुचणार? ओसरीच्या पायरीवर बसून मी ओळ टाकली, त्यानं उचलली.

तिघे उजव्या हाता रे, बदक चाले आडवे,
बासष्टाच्या घरावरून टोक धावे पुढे,
मागचा येई खालून, चेंडू दोनावर उडे.

बदक म्हणजे डावीकडचा धावणारा, टोक म्हणजे शेवटचा गडी, बासष्ट म्हणजे पुढच्या पाच जणांची भिंत. दोरीवरच्या उड्यांचा ठेका लावला की दोन वेळा म्हटल्यावर कायमचं बसायचं. अशी मी शंभरावर केली असतील. शाळेच्या चार वर्षांत आम्ही पाचच सामने हरलो.

कॉलेजात गाण्यांचीही गरज लागली नाही. तिथे घोळकाच नव्हता. काठावर राखीव गडी मोठाल्या पाट्या वर धरायचे, एकीवर कोंबडा, एकीवर करवत, एकीवर कुणा नटाचं तोंड. कोंबडा दिसला की हा डाव, करवत दिसली की तो. लव्हेल बघायचा, टाळी वाजवायचा, फेकायचा. टीव्हीवाले म्हणायचे, किती शांत पोरगा, किती झटकन वाचतो मैदान. वाचतो म्हणायचे. आम्ही एकमेकांकडे बघत नसू.

ड्राफ्टच्या दिवशी, म्हणजे मोठ्या लीगचे क्लब कॉलेजातली पोरं निवडतात त्या दिवशी, चर्चच्या हॉलमध्ये सगळं गाव जमलं होतं. मासे तळले होते, कोलार्डच्या भाजीचं पातेलं दोघांनी उचलून आणलं होतं. सगळ्या देशातून अकरावा म्हणून त्याचं नाव पुकारलं, उत्तरेकडच्या एका क्लबनं. बायका रडल्या. डॅडींनी टोपी काढून छातीशी धरली. मी त्यांच्या कानाशी लागले, "डॅडी, तिथं पाट्या नसतात. पुस्तक असतं. जाडजूड."

डॅडी म्हणाले, "मी विचारलंय. हेल्मेटमध्ये कोचचा आवाज येतो म्हणे, कानातच. कोच ओळ टाकणार, ह्यानं उचलायची. जन्मभर दुसरं काय केलंय त्यानं?"

मला ते पटलं. सगळ्यांनाच पटलं असतं. आमच्या बाकांवर बसलेल्या कुणालाही.

पण डीकन मंडळींसाठी थांबतो. त्या हेल्मेटमधला आवाज थांबत नाही. डावाच्या घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो तुटतो, नियमच आहे तसा, आणि मग माणूस आपला एकटा. शिवाय पुस्तक दर बुधवारी नवं. लव्हेल पुस्तकाची पानं फोनसमोर धरायचा, मी कारखान्याच्या वीस मिनिटांच्या सुट्टीत वाचायचे, आणि तिथेच, माश्यांच्या वासात, पायानं ठेका धरून गाणं करायचे. आठवड्याला तीसेक. काही आठवडे निभावलं. ऑक्टोबरातल्या एका बुधवारी मला दुहेरी पाळी लागली, फोन कपाटात राहिला. त्या रविवारी त्यानं चार चेंडू समोरच्या संघाच्या हातात दिले. मी बघत होते. तो घोळक्यात उभा होता, आणि त्याचे ओठ हलत नव्हते.

दोन हंगामांनी त्याला सोडून दिलं. पेपरात आलं, आळशी आहे, पुस्तक उघडत नाही, देवानं हात दिला पण कणा दिला नाही. लव्हेल एकदाही नाही म्हणाला नाही. फसलेल्या निवडींच्या याद्या निघतात दर एप्रिलला; त्यात त्याचं नाव असतं. डॅडी गेले त्याला तीन वर्षं झाली. जाईपर्यंत ते म्हणत होते, कानातला यंत्राचा आवाज बिघडलेला असणार.

आणि आता हे. चाळीस डाव, दहा दिवस.

मी रजा टाकली. आम्ही पुन्हा पायरीवर बसलो. तो दिवसा टायर बदलायचा, संध्याकाळी माझ्यासमोर गुडघे जवळ घेऊन बसायचा, एवढा मोठा गडी. जुनी गाणी त्याला अजून येत होती. नवी मी त्यांच्याच चालींवर बेतली. नवव्या दिवशी मी कुठल्याही डावाचं नाव घ्यावं आणि त्यानं सबंध गाणं घडाघडा म्हणावं, असं झालं.

"चाळीसच्या चाळीस," मी म्हणाले.

"निवडलं मला त्यांनी, तर तू नोकरी सोड."

"आधी तू चाक पूर्ण लाव त्या ट्रकचं. मालक मला विचारतोय."

तो हसला. फार वर्षांनी हसला.

चाचणीचा पहिला दिवस सोन्याचा गेला. नुसतं फेकणं होतं. मैदानाकडेच्या बाकांवर माझ्याशेजारी अलाबामाची एक गोरी बाई बसली होती, तिचा मुलगा चेंडूला लाथ मारणारा. ती म्हणाली, "तुमचा तो? अहो, हा इथं काय करतोय? ह्यानं वर असायला हवं, मोठ्या लीगमध्ये."

"होता वर," मी म्हणाले.

"मग?"

"थंडी मानवली नाही."

दुसऱ्या दिवशी घोळका लावला. कोच डनहॅम म्हणून एक जाडा, बरा माणूस होता. तोंडाशी यंत्र धरून आमच्या बाकांसमोरच उभा, त्यामुळे तो काय सांगतोय ते मलाही ऐकू येत होतं. पहिले सहा डाव लव्हेलनं असे सांगितले, असे खेळवले की शेजारच्या बाईनं माझा दंड धरला. माझे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. सातव्याला कोच म्हणाला, "तिघे उजवे, बदक आडवं, बासष्ट," आणि समोरच्यांची मांडणी बघून त्यानं मध्येच शब्द घातला, "बासष्ट कुंपण. टोक पुढे, मागचा खाली, दोनावर."

कुंपण म्हणजे भिंत डावीकडे सरकवायची. एवढंच. एक शब्द.

पण गाणं मधून उघडत नाही. ते दोरीसारखं असतं, टोकापासून टोकापर्यंत. मला इथे बसून दिसत होतं त्याच्या मानेवरून, तो पहिल्या ओळीला गेला, बासष्टापाशी आला, कुंपण ठेवलं, आणि ठेका मोडला, टोक सापडेना. तो पुन्हा पहिल्यापासून निघाला. कानातला आवाज तुटला. दहा वाकलेल्या पाठी वाट बघत राहिल्या. वेळ संपली म्हणून पंचाचा पिवळा रुमाल पडला.

"पुन्हा," कोच म्हणाला. "तोच. घाई नको."

पुन्हा तसंच. पुन्हा रुमाल.

माझ्या तोंडात ती ओळ होती. कुंपण घालूनही ती बसवता येत होती, मी तेवढ्यात बसवलीही होती. घरावरूनच्या जागी कुंपणावरून, इतकं सोपं. कुंपणापलीकडे तीस यार्डांवर माझा भाऊ उभा होता, आणि मला ओरडता येत नव्हतं.

तिसऱ्यांदा त्यानं कुंपण टाकूनच दिलं आणि जुनं गाणं म्हटलं. भिंत उजवीकडे गेली. डावीकडून दोघे मोकळे आले आणि त्यांनी त्याला उचलून आपटलं. तो उठला. चेंडू त्यानंच उचलून पंचाला दिला.

संपल्यावर कोच त्याला कुंपणापाशी घेऊन आला, माझ्यापासून चार पावलांवर. "बेटा," तो म्हणाला, "असा हात मी वीस वर्षांत पाहिला नाही. एक विचारतो, खरं सांग. घरी पुस्तक उघडलंस का?"

लव्हेलनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "नाही, सर."

"वाटलंच मला." कोचला राग नव्हता आला. वाईट वाटलं होतं. "जा घरी."

आम्ही परत निघालो. पन्नास मैलांवर मी म्हणाले, "दहा दिवस पायरीवर बसलास. आणि नाही म्हणालास?"

"आळशी म्हटलं की लोक चिडतात," तो म्हणाला. "चिडलेले बरे." थोड्या वेळानं, कापसाची मोकळी शेतं सुरू झाल्यावर, त्यानं सबंध डाव म्हटला. तिघे उजवे, बदक आडवं, बासष्ट कुंपण, टोक पुढे, मागचा खाली, दोनावर. गाण्याशिवाय. एकही शब्द न अडता. "आत्ता आलं," तो म्हणाला.

मी गाडी चालवत राहिले.

गावात शिरताना हॉरेसच्या टामालीच्या गाडीशी थांबावंच लागतं. न थांबता गेलो असतो तर घरी विचारायला आले असते. शनिवारची दुपार, पाच-सहा जण मक्याच्या सालीत उकडलेल्या सारणाच्या टामाली सोलत उभे. हॉरेस डॅडींच्या वयाचा, त्यांच्याच चर्चमधला.

"ये, अकरा नंबर," तो म्हणाला. "काय म्हणाले? ठेवतायत?"

"नाही, मिस्टर हॉरेस."

"नाही? दुसऱ्या खेपेलाही?" त्यानं चिमटा खाली ठेवला. "पोरा, तुझा हात माझ्याकडे असता ना, तर मी झोपेतसुद्धा ते पुस्तक उशाला घेतलं असतं. पण तुला काय, अंग हलवायला नको. डीकनच्या घरात हा आळस आला कुठून?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. कुणी वाईट बोललं नाही. त्यांचंही काहीतरी मेलं होतं, चार वर्षांपूर्वी, आणि ते त्याच्या नावानंच रडत होते.

लव्हेल म्हणाला, "मिस्टर हॉरेस, मला वाचता येत नाही."

अगदी साध्या आवाजात. हात खिशात, कपाळावर मातीचा डाग तसाच. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा.

मग हॉरेस हसला. आधी खांदे हलले, मग सगळा हलला. "ऐकलं का रे? चार वर्षं कॉलेज केलं ह्यानं. टीव्हीवर झळकला. म्हणे वाचता येत नाही." मग सगळेच हसले. कुणीतरी म्हणालं, "मला पण मोजता येत नाही हॉरेस, दोन जास्तीच्या घाल." कुणीतरी लव्हेलच्या पाठीवर थाप मारली. "इतके दिवस तोंड बंद, आणि आता विनोद करतोस होय."

"खरंच," लव्हेल म्हणाला. "जीनला विचारा."

सगळे माझ्याकडे वळले. हसरे, ओळखीचे चेहरे, माझ्या बापाच्या ओळी उचलणारे. लव्हेलही बघत होता, आणि त्याच्या तोंडावर मी जे पाहिलं ते कधी पाहिलं नव्हतं. तो वाट बघत होता. एक हो, एवढंच मला म्हणायचं होतं.

मी हसले.

"अहो, त्याचं काय ऐकता," मी म्हणाले. "खांदा दुखावलाय त्याचा, सांगायला लाजतोय. डझनभर द्या. तिखट."

हॉरेसनं डझनभर बांधल्या, वर दोन घातल्या, विनोदाच्या म्हणून. मी वळले तेव्हा लव्हेल तिथे नव्हता. तो टायरच्या दुकानाकडे चालत निघाला होता, रस्त्याच्या कडेनं, दोन्ही खांदे सारखे धरून. मी हाक मारली. त्यानं मागे पाहिलं नाही. गाडीत बसून मी ते तेलकट पुडकं मांडीवर धरलं. माझ्या मांडीला चटका बसत होता, तरी मी ते तसंच धरून ठेवलं.