फेब्रुवारीची कंबर बत्तीस

"बाई, सरासरी दिवस कोणत्या तारखेला येतो?"

हा प्रश्न माझा नव्हता. टाचणी आणि भोंगा या माझ्या दोन मैत्रिणींनी पैज लावली होती की, भरल्या सभागृहात माईक हातात घेऊन मी हे विचारूच शकणार नाही. गेल्या वर्षी पैज त्याच जिंकल्या असत्या. गेल्या वर्षी मी हजेरीला "उपस्थित" म्हणण्याआधी घसा साफ करायचे आणि तोवर हजेरी दोन नंबर पुढे गेलेली असायची. पण या वर्षी माझा आवाज मला सापडलाय. आणि सापडलाय तर वापरायला नको?

वेधशाळेच्या बाई आमच्या शाळेत हवामानावर बोलायला आल्या होत्या. माझा प्रश्न ऐकून अख्खं सभागृह हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं भाषणं देतेय, आज पहिल्यांदा कोणीतरी ऐकत होतं. तर सरासरी दिवस कॅलेंडरवर नसतोच. तो आपण सगळे दिवस एकत्र कुटून बनवतो. एखादा खरा दिवस चुकून अगदी तसाच निघतो, पण कोणाचं लक्ष नसतं."

भोंगाचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

भाषण संपल्यावर बाईंनी मला गाठलं. वेधशाळेच्या फाटकावर परदेशी पाहुणे थांबतात आणि इथलं हवामान कसं असतं म्हणून पहारेकरीकाकांना विचारतात. काका त्यांना हातवारे करून सांगतात. उन्हाळा म्हणजे वारा घालायचा, थंडी म्हणजे दात वाजवायचे. मागच्या आठवड्यात एकांना वाटलं, काकांना फिट आली.

"तर एक फलक हवाय," बाई म्हणाल्या. "महिन्यामहिन्याची सरासरी, दोन्ही मापांत. सेल्सिअसवाल्यांना सेल्सिअस, फॅरनहाइटवाल्यांना फॅरनहाइट. पाऊस मिलिमीटरमध्ये आणि इंचांत. उभ्या उभ्या कळलं पाहिजे. आकडे मी देते. मी प्रशिक्षणाला चाललेय, आले की तपासते, मग लावू. चांगला जमला तर रोज सकाळी यंत्रं वाचायला येत जा."

वेधशाळेच्या अंगणात उंच पायांवर एक पांढरी झडपांची पेटी आहे. तिच्या आत तापमापक असतात. शाळेत जाता-येता कुंपणाला नाक लावून मी ती पेटी किती वेळा पाहिली असेल. तिचं दार उघडायला मिळणार म्हटल्यावर मी फलकच काय, फाटकसुद्धा बनवून दिलं असतं.

शिवाय आमच्या घरात ही दोन्ही मापं आधीपासून नांदतात. बाबा शिंपी आहेत, त्यांचं सगळं जग इंचांत. आई रुग्णालयात परिचारिका आहे, तिचा ताप फॅरनहाइटमध्ये. फक्त बातम्यांतला उकाडा तेवढा सेल्सिअसमध्ये येतो, आणि तो दोघांनाही पटत नाही.

मी जेवणाच्या टेबलावर आकडे मांडून बसले. "मे महिना, दिवसा चाळीस सेल्सिअस. म्हणजे नऊने गुणा, पाचने भागा, बत्तीस मिळवा. एकशे चार."

"एकशे चार?" आई ताट पुसता पुसता थांबली. "कपाळावर गार पट्ट्या ठेवा त्या मे महिन्याच्या."

"जुलैचा पाऊस दोनशे चौपन्न मिलिमीटर. बरोबर दहा इंच."

"म्हणजे हाफ बाही," बाबा म्हणाले. त्यांनी लगेच टेप काढून माझ्या दंडावर जुलै मोजून दाखवला.

फलक बाबांनीच शिवला. जाड कॅनव्हास, त्यावर मशीनने शिवलेले निळे आकडे आणि इंग्रजी मथळे. सुरुवातीला दिवसाचं तापमान, रात्रीचं तापमान असे रकाने होते. मग मला वाटलं, ही गर्दी कशाला? उभ्या उभ्या कळायला हवं ना? म्हणून रात्र काढून टाकली आणि तिच्या जागी एकच रकाना केला: 'रात्री किती उतरतं'. फेब्रुवारीत दिवसा तीस सेल्सिअस, म्हणजे शहाऐंशी फॅरनहाइट. रात्री उतरतं दहा सेल्सिअसने. म्हणजे नऊने गुणा, पाचने भागा, बत्तीस मिळवा. पन्नास. झालं.

फलक इतका देखणा झाला की बाईंची वाट बघवेना. पहारेकरीकाका तर हात दुखून कंटाळलेलेच होते. आम्ही दोघांनी मिळून तो फाटकाला बांधून टाकला. टाचणीने त्याच्यासमोर माझा फोटो काढला. फोटोत मी एखाद्या पुलाचं उद्घाटन केल्यासारखी उभी आहे.

बाई परतायच्या आदल्या संध्याकाळी मी शाळेतून दुकानात आले, तर बाबा घामाघूम. मशीनवर लोकरीचं अस्तर. समोर एक परदेशी आजोबा अर्धवट शिवलेला कोट घालून, हात पसरून उभे. त्यांच्या बायकोच्या गळ्यात टाचण्या लावलेली कॉलर. पंखा सगळ्यात वरच्या वेगावर आणि दोघंही उकडून लालबुंद.

"रात्री टेकडीवर तारे बघायला जायचंय म्हणे," बाबा कुजबुजले. "उद्या अजून चौघं येणार आहेत. आपल्याकडे रात्री एवढं गारठतं, हे मला जन्मात कधी कळलं नाही बघ."

"गारठत नाही, बाबा."

"अगं, फलकावर लिहिलंय. तूच लिहिलंयस."

आजोबांनी मान डोलावली, खिशातून फोन काढला आणि माझ्याच फलकाचा फोटो मला दाखवला. चालू महिन्याच्या, फेब्रुवारीच्या ओळीत बोट शहाऐंशीवर टेकवलं, मग पन्नासवर, आणि मग हवेत छत्तीस लिहिलं. त्यानंतर त्यांनी पहारेकरीकाकांसारखे दात वाजवले.

छत्तीस फॅरनहाइट. पाणी बत्तीसला गोठतं. माझ्या हिशेबाने आमच्या गावात फेब्रुवारीच्या रात्री बादलीवर बर्फाची साय धरायला फक्त चार अंश बाकी होते.

तेवढ्यात आई ड्यूटीवरून आली. आजोबांचा लाल चेहरा बघून तिने पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांच्या कपाळाला हात लावला. "यांचा कोट उतरवा आधी. काय चाललंय?"

मी सांगितलं. सूत्र बरोबर होतं, गुणाकार बरोबर होता, भागाकार बरोबर होता.

"मग बत्तीस कुठले?" बाबांनी विचारलं.

"ते सूत्रातच असतात. सेल्सिअस शून्यापासून मोजतो ना, फॅरनहाइट तिथे बत्तीसवर असतो."

"म्हणजे ती कंबर झाली."

"कसली कंबर?"

बाबांनी गळ्यातला टेप काढला. "हे बघ. गिऱ्हाईकाची कंबर बत्तीस. ते म्हणालं, पँट दोन इंच सैल करा. मी किती सैल करायची?"

"दोन इंच."

"तू चौतीस इंच सैल केलीस, बयो. त्या पँटीत नवराबायको दोघं मावतील."

"ताप दोनने उतरला तर मी दोनच लिहिते," आई म्हणाली. "बत्तीस मिळवून लिहिलं तर डॉक्टर मलाच खाटेवर झोपवतील."

मी बाबांच्या खडूने कटिंगच्या टेबलावर लिहिलं. दहा, नऊने गुणा, पाचने भागा. अठरा. नुसते अठरा. शहाऐंशीतून अठरा गेले, अडुसष्ट. अडुसष्टला माणूस फार तर पूर्ण बाहीचा शर्ट घालतो. आणि हा गोंधळ एकट्या फेब्रुवारीत नव्हता. बाराही महिन्यांना मी एकेक कंबर चढवून ठेवली होती.

आजी-आजोबांना अडुसष्ट लिहून दाखवल्यावर ते इतके हसले की आजींच्या कॉलरीतल्या टाचण्या गळून पडल्या. कोट मात्र त्यांनी अस्तर काढून मागितले. घरी गेल्यावर गोष्ट सांगायला हवेत म्हणे.

ते गेल्यावर मला उद्याची आठवण झाली. उद्या सकाळी बाई येणार. फाटकातून आत शिरताना पहिल्यांदा दिसणार ते माझे पन्नास. न तपासता लावलेले. पांढऱ्या पेटीचं दार माझ्या डोळ्यांसमोर हळूच बंद झालं.

"आत्ता जाऊन काढून आणू," बाबा म्हणाले. "उसवतो, नवीन आकडे घालतो. सकाळी बांधून टाकू. शिवण अशी मारतो की बाईंना भिंग लावूनही कळायचं नाही."

"आणि रात्रीचा रकाना परत घाला," आई म्हणाली. "तो असता तर त्या बिचाऱ्यांनी तेवढं तरी वाचलं असतं."

माझ्या तोंडून "हो, चला" जवळजवळ बाहेर पडलंच होतं. बाबांची शिवण खरंच कोणाला कळत नाही. पण मग मी रोज ती पेटी उघडून आकडे लिहिणार, आणि बाईंनी ते खरे का मानायचे?

मी कटिंगच्या टेबलावर चढून बसले. दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"आई, बाबा, माझं ठरलंय. उसवायचं काही नाही. बाराही चुकीच्या आकड्यांवर लाल धाग्याने काट मारायची, शेजारी बरोबर आकडे, आणि रात्रीचा रकाना परत. बाई यायच्या आधी मी फाटकावर उभी असणार आणि त्यांनी वाचायच्या आत मीच सांगणार. त्यांनी पेटी उघडू दिली तर दिली. नाही दिली तर मी स्वतःचा तापमापक घेऊन कुंपणाबाहेर बसणार, रोज, वर्षभर, आणि तो सरासरी दिवस पकडणार. त्यामुळे उद्यापासून मला सहाला उठवा. आणि मी उठणार नाही म्हणाले, तर ते सरासरीत धरू नका."