पाठमोरी

धाकटीने तेलाची वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात अलगद ठेवली आणि गोठलेलं तेल पातळ होईपर्यंत काय करायचं म्हणून आधीच पुसलेला ओटा पुन्हा पुसला. बाहेरच्या खोलीतून ताईचा आवाज आला.

"मी लावून घेतलंय म्हटलं ना."

"कधी?"

"सकाळी."

"कुठल्या हाताने?"

छातीचं ऑपरेशन झाल्यापासून ताईचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, आणि डाव्या हाताने तर तिला जन्मात कधी धड कुलूपही उघडता आलं नव्हतं. खोटं बोलायचं तर निदान पटेल असं तरी बोलावं, पण ताईला खोटं बोलायची सवयच नव्हती, त्यामुळे जमत नव्हतं.

भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला साधा माणूस. बायकोच्या दुखण्यात जमेल ते सगळं त्यांनी केलं होतं, पण तिच्या लोकरीच्या टोपीपुढे मात्र त्यांनी हात टेकले होते. फोन त्यांनीच केला होता.

"तुझी ताई टोपी काढत नाही गं. झोपतानासुद्धा नाही. मला तर जवळ फिरकू देत नाही. तूच ये आता."

औषधांनी केस गेले, ते जाणारच होते. त्याचं ताईने फारसं मनाला लावून घेतलं नव्हतं. पण वर ही कोरडी थंडी पडली, आणि उघड्या पडलेल्या डोक्याची कातडी सुकून उलायला लागली. उशीच्या अभ्र्यावर बारीक डाग दिसले तेव्हा भाऊजी घाबरले. दवाखान्यातल्या नर्सने बजावलं होतं की लोकरीची टोपी घासते, ती बंद करा. कोमट पाण्याने टिपून घ्या, भेगांना हे मलम आणि बाकी डोक्याला साधं बिनवासाचं तेल रोज लावा. जखम चिघळली तर पुढचा डोस लांबणीवर पडेल. लांबणीवर म्हणजे किती, हे विचारायचा भाऊजींना धीर झाला नव्हता.

"तुम्ही जरा चक्कर मारून या," धाकटी त्यांना हळूच म्हणाली. "तुमच्यासमोर ती मुळीच ऐकायची नाही."

भाऊजींनी मफलर घेतला आणि पडत्या फळाची आज्ञा घेतल्यासारखे निघून गेले.

धाकटी वाटी, मलम, ओला फडका आणि नवी सुती टोपी घेऊन बाहेर आली. ताई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. हिवाळ्यातलं दुपारचं ऊन तिच्या मांडीपर्यंत येऊन थांबलं होतं. जाड करड्या लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, त्यामुळे तिचं तोंड एवढंसं दिसत होतं.

"आली बाई सगळं लटांबर घेऊन," ताई म्हणाली.

"नर्सने सांगितलंय."

"तिला सांगायला काय जातंय. तिची वेणी कमरेपर्यंत आहे."

"ताई, चिघळलं तर डोस पुढे ढकलतील. मग?"

"मग ढकलू देत. मला कुठे गाडी पकडायची आहे?"

हे ताईचं नेहमीचं. आईशी, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी, डॉक्टरांशी, सगळ्यांशी ती अशीच बोलत आली होती आणि आजवर सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं होतं. धाकटीला आज हसू आलं नाही. तिने बुटकं स्टूल ओढून ताईच्या खुर्चीमागे ठेवलं आणि टोपीच्या कडेला हात घातला. ताईने तो हात असा झटकला की वाटीतलं तेल हिंदकळलं.

"मागे उभी राहू नकोस, ठके."

ठकी हे धाकटीचं घरातलं नाव. पन्नाशी उलटली, स्वतःच्या मुली लग्नाला आल्या, बालवाडीत दोन पिढ्या हाताखालून गेल्या, तरी ताईसाठी ती ठकीच. एरवी त्या हाकेने तिला बरं वाटायचं. आज त्या हाकेला धार होती. धाकटी मागून बाजूला आली आणि खिडकीच्या कट्ट्यावर टेकली. जबरदस्ती ताईपुढे चालत नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. म्हणून तिने दुसरा रस्ता धरला.

"तू मला किती वर्षं तेल लावलंस. आता माझी पाळी नको का?"

ताई मांडीवरच्या उन्हाकडे बघत राहिली.

"आठवतं तुला? काचेवरची वाफ?"

आणि धाकटी सांगायला लागली. ही गोष्ट सांगण्यात तिचा हातखंडा होता. थंडी पडली की बालवाडीतल्या पोरांना ती हीच सांगायची, मुलींना त्यांच्या लहानपणी हीच सांगितली होती. आई पावाच्या भट्टीवर कामाला, उजाडायच्या आत घराबाहेर. वडील मालाच्या ट्रकवर, कायम फिरतीवर. धाकटी सहा वर्षांची आणि ताई सतरा. थंडीत धाकटीचं डोकं इतकं कोरडं पडायचं की खाजवून खाजवून रक्त यायचं, आणि तसं डोकं दिसलं की शाळेतल्या बाई पोरीला परत घरी पाठवायच्या. रात्री तेल लावलं तर उशा तेलकट होतात म्हणून आई करवादायची. त्यामुळे तेल सकाळीच. ताई स्टोव्ह पेटवायची आणि गोठलेली बाटली त्याच्या शेजारी ठेवायची. मग धाकटी याच असल्या बुटक्या स्टुलावर, खिडकीकडे तोंड करून बसायची आणि काचेवरच्या वाफेत बोटाने मांजर काढायची. मागून ताईची बोटं. गरम तेल टाळूवर पडलं की अंगावर काटा यायचा, मग ती बोटं कानामागून मानेपर्यंत उतरायची. खोलीत रॉकेलचा वास. बाहेर नुसतं धुकं, आणि त्या धुक्यात लांब कुठेतरी शिट्टी वाजायची. एकदा, आणि थोड्या वेळाने पुन्हा. आणि दोन वेण्या, इतक्या घट्ट की डोळे ताणले जायचे आणि दिवसभर हसल्यासारखं तोंड व्हायचं.

ताईच्या साठीला धाकटीने ही गोष्ट भरल्या घरात सगळ्यांसमोर सांगितली होती. बायकांनी डोळे पुसले होते. ताई मात्र मध्येच उठून दूध बघायला आत गेली होती. तिला भरून आलं असणार, असं तेव्हा धाकटीला वाटलं होतं.

"आयुष्यात मला इतकं सुखाचं दुसरं काही आठवत नाही," धाकटी म्हणाली. "अजून कुठे शिट्टी ऐकली ना ताई, की मला त्या तेलाची ऊब आठवते."

ताईने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

"ती शिट्टी कसली होती, माहीत आहे तुला?"

"कारखान्याची असेल."

"कारखान्याचा भोंगा असतो. शिट्टी आमच्या सरांची. मैदानावरची."

धाकटीला काही कळलं नाही.

"मी धावायचे," ताई म्हणाली. जणू रोजची भाजी सांगावी इतक्या साध्या आवाजात. "शाळेत सगळ्यात पुढे. त्या वर्षी मोठ्या स्पर्धेसाठी निवड व्हायची होती. सर म्हणाले, थंडीभर एकही सकाळ चुकवायची नाही. पहिली शिट्टी म्हणजे रांगेत या. दुसरी म्हणजे धावत सुटा. पहिली वाजायची तेव्हा मी तुझ्या डाव्या वेणीवर असायचे."

"आणि दुसरी?"

"दुसरी वाजली की मग काही घाई नसायची."

रस्त्यावरून कुणीतरी सायकल ढकलत नेत होतं, तिची चेन खडखडत होती.

"मग तू सोडलंस?"

"सोडलं कसलं. उशिरा येते म्हणून सरांनी नाव काढलं."

"मला कधी बोलली नाहीस."

"सहा वर्षांच्या पोरीला काय बोलायचं?"

"नंतर बोलायचंस."

"नंतर तू ती गोष्ट सांगायला लागलीस."

धाकटीला वाईट वाटलं. ताईसाठी वाटलं ते नंतर. आधी वाटलं ते स्वतःसाठीच. इतकी वर्षं उराशी धरलेली एकच गोष्ट, थकल्याभागल्या दिवशी काढून बघायची, आणि तिच्या मागच्या बाजूला हे असं. तिने हातातला फडका उगीचच घडी करून मांडीवर ठेवला.

"मला कळलं कसं नाही?" ती म्हणाली.

"कळणार कसं? तुझी पाठ होती माझ्याकडे. बरं झालं. माझं तोंड तेव्हा बघण्यासारखं नसायचं."

ताईने टोपी आणखी खाली ओढली. मग बोलली ती खिडकीकडे बघत.

"तुझ्या डोक्यामागे उभी राहून मी मनात काय काय म्हणायचे, ते सांगत नाही तुला. ही झालीच नसती तर बरं, इथपर्यंत. तेल लावता लावता. आणि तू पुढे खुशाल मांजर काढत बसलेली. म्हणून म्हणते, मागे उभं राहणाऱ्याच्या मनात काय चालतं ते मला ठाऊक आहे. ह्यांनी पहिल्या दिवशी मागून टोपीला हात लावला, चांगल्या मनानेच लावला, पण मला एवढंच वाटलं की आत्ता ह्यांचं तोंड कसं झालं असेल. मला दिसणार नाही ना ते. कंटाळला असेल माणूस. किळस आली असेल. कधी संपतंय हे, असं वाटलं असेल. आणि बोलायचे मात्र गोड. नको मला ते."

इतकं सगळं ताई एका दमात कधी बोलली नव्हती. तिला धाप लागली. धाकटीने पाण्याचा पेला पुढे केला, तो तिने डाव्या हातात घेतला आणि निम्मं पाणी अंगावर सांडत प्यायली.

"एकही दिवस आवडलं नाही का तुला?" धाकटीने विचारलं. विचारू नये असं वाटत होतं, पण राहवलं नाही.

ताईने पेला खाली ठेवला. बराच वेळ आठवत राहिली. खोटं बोलायचं नसलं की तिला वेळ लागायचा.

"रविवारी आवडायचं," ती म्हणाली. "रविवारी मैदान बंद असायचं. तेव्हा मी सावकाश लावायचे. कानामागे तीळ आहे तुझ्या, तो मला रविवारीच सापडला. तू गाणं म्हणायचीस काहीतरी, शब्द सगळे चुकीचे. मी तुला सुधारायचे नाही."

"मग मला रविवारच आठवत असणार."

"असेल," ताई म्हणाली. "ते खरेच होते."

धाकटी उठली. वाटीतलं तेल पुन्हा गोठायला आलं होतं. ती स्वयंपाकघरात जाऊन ते कोमट करून आली, फडका नव्याने पिळून आणला. मग खुर्चीमागचं स्टूल तिने उचललं, वळसा घालून पुढे आणलं आणि ताईच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ मांडलं. त्यावर बसली. ऊन आता तिच्या तोंडावर येत होतं आणि डोळे किलकिले होत होते, तरी ती सरकली नाही.

"असं पुढून लावतात का कुणी?" ताई म्हणाली.

"मी लावते."

"मागचं कसं पोचेल?"

"हात लांब आहेत माझे. तूच म्हणायचीस, माकडासारखे."

ताईने तिच्याकडे एकटक पाहिलं. मग डावा हात वर केला, चाचपडत टोपीची कड पकडली आणि टोपी स्वतःच ओढून काढली.

डोकं लहान होतं, धाकटीने मनात धरलं होतं त्याहून खूपच लहान. सगळीकडे पांढरी खपली सुटली होती, आणि कानाच्या वर, जिथे लोकर घासत होती तिथे, दोन लाल भेगा. ताईचं कपाळ कुठे संपतं हेही आता नीट कळत नव्हतं. धाकटीला जे वाटलं ते तिच्या तोंडावर दिसलं. दिसणारच होतं. ताई नेमकं तेच बघत होती.

धाकटीने ओल्या फडक्याने भेगा हलक्या टिपल्या, त्यांना मलम लावलं. मग बोटं तेलात बुडवून कपाळापासून सुरुवात केली. चोळायचं नव्हतं, नुसतं टेकवत जायचं होतं. कातडी इतकी कोरडी होती की तेल पडताक्षणी जिरत होतं, म्हणून एकाच जागी पुन्हा पुन्हा लावावं लागत होतं. ताईने डोळे मिटले नाहीत. धाकटीच्या तोंडावर कंटाळा शोधत असावी, किळस शोधत असावी. एकदा कानावर तेल ओघळलं, ते धाकटीने अंगठ्याने पुसलं.

"रडतेस की काय?" बऱ्याच वेळाने ताईने विचारलं.

"हो."

ताईचे खांदे जरा खाली आले. तिने मान थोडी पुढे झुकवली.

"रड. पण हात थांबवू नकोस."